जर्मनीचे ग्रीन की ब्रिटनचे ग्रीन?

आमच्या सोलापुरात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, काल बॅरल भरता भरता मनात आलं की पर्यावरणावर मतं मागणारे ग्रीन पक्ष कुठं जिंकतात तरी का, मग आकडेच काढून बसलो.

जर्मनीत १९८३ ला ग्रीनवाल्यांना ५.६ टक्के मतं पडली आणि दोन डझनांवर खासदार आले, कारण ५ टक्क्यांची अट ओलांडली की मतांच्या प्रमाणात सीटा मिळतात. १९९० ला पश्चिम जर्मनीच्या भागात ४.८ वर अडकले, पण १९९८ ला ६.७ वर थेट सरकारात! २०२१ ला १४.८, २०२५ ला परत ११.६.

ब्रिटनचं बघून मात्र जीव तुटतो. १९८९ च्या युरोपियन निवडणुकीत जवळपास १५ टक्के मतं अन् सीट एक पण नाही! तिथं आपल्यासारखंच, पहिला येईल तोच जिंकला. पहिली खासदार २०१० ला, ब्रायटनमधून कॅरोलाइन लुकास. २०२४ ला साडेसहा टक्क्यांच्या आसपास, जेवढ्यावर जर्मनीत मंत्री झाले, तिथं ६५० पैकी ४ सीटा.

चिकाटी ब्रिटनवाल्यांची मोठी, पण पद्धत मला जर्मनीचीच पटते. आपल्याकडं सिद्धेश्वर तलावासाठी कोण उभा राहिला तरी मत वाया जाईल म्हणून लोक देतच नाहीत ओ.