गढूळ पाण्यातला कॅमेरा: टीजी-६ आणि पीटी-०५९ हाउसिंग, एक हंगाम वापरल्यानंतर

मालवण, तारकर्ली, वेंगुर्ल्यासमोरची बेटं, गोव्याचं ग्रँड आयलंड. या पट्ट्यात डायव्हिंग करणाऱ्याने पाण्याखालचा कॅमेरा घेताना फक्त परदेशी परीक्षणं वाचली तर त्याचे पैसे हमखास चुकीच्या जागी जातात. ती लिहिणारे लोक लाल समुद्रात नाहीतर इंडोनेशियात उतरलेले असतात, तिथे वीस-तीस मीटरवरचं स्वच्छ दिसतं. आपल्याकडे सात-आठ मीटर दिसलं तरी गाइड खूश असतो. वाईट दिवशी स्वतःचे फिन्ससुद्धा धूसर दिसतात. होडीवाले काका तर नांगर टाकतानाच सांगून मोकळे होतात, ‘आज पाणी गढूळ आसा, काय दिसाचा नाय.’

ऑलिंपस टफ टीजी-६ हा कॅमेरा आणि त्याचं पीटी-०५९ हाउसिंग (कॅमेरा आत ठेवायचा जलरोधक डबा) घेताना माझ्या डोक्यात हेच पाणी होतं. ऑक्टोबरात हंगाम उघडला तेव्हापासून मे अखेरपर्यंत हाच संच वापरला. बहुतेक वेळा सिंधुदुर्गात, एकदा मुरुडेश्वरहून नेत्राणीला आणि शेवटी अंदमानात स्वराज द्वीपला.

आधी निवडीबद्दल. समोर चार रस्ते होते. पहिला ॲक्शन कॅमेरा. गोप्रो हाउसिंगशिवाय १० मीटर जातो, हाउसिंग लावलं की ६० मीटर. व्हिडिओ झकास, पण लहान जीव टिपायचे तर वरून वेगळी लेन्स लावावी लागते. दुसरा रस्ता कायमचा सीलबंद कॅमेरा, उदाहरणार्थ सीलाइफ मायक्रो ३.०. याला उघडायची झाकणंच नाहीत, त्यामुळे गळण्याची धास्ती नाही आणि ६० मीटरपर्यंत चालतो. मात्र बॅटरी आणि मेमरी आतच अडकलेली, आणि जमिनीवर त्याचा फारसा उपयोग नाही. तिसरा रस्ता जाणकार सुचवतात तो: सोनी आरएक्स१०० किंवा कॅनन जी७एक्स, एक इंची सेन्सर, वर हाउसिंग. चौथा टीजी.

मी सर्वांत जास्त घोळत राहिलो तो तिसऱ्या आणि चौथ्यामध्ये. कागदावर तुलनाच नाही. टीजी-६चा सेन्सर १/२.३३ इंचाचा, १२ मेगापिक्सेल. फोनच्या जमान्यात हे आकडे ऐकून कोणीही नाक मुरडेल. एक इंची सेन्सरचं क्षेत्रफळ त्याच्या जवळपास चौपट असतं. पण माझ्या दृष्टीने निर्णायक आकडा दुसराच ठरला. जी७एक्स मार्क २ सर्वांत जवळ ५ सेंटिमीटरवर फोकस करतो आणि तेही लेन्स पूर्ण वाइड, म्हणजे झूम न केलेली असताना. टीजी-६चा मायक्रोस्कोप मोड १ सेंटिमीटरवर करतो, तोही झूम करता करता. हाउसिंगच्या काचेने त्यातला थोडा भाग खाल्ला तरी जीव काचेला जवळपास टेकेपर्यंत जाता येतं.

गढूळ पाण्यात चित्र बिघडवतं ते लेन्स आणि विषय यांच्यामधलं पाणी. त्यात तरंगणारा प्रत्येक कण फ्लॅशच्या उजेडात पांढरा ठिपका होऊन उमटतो. सेन्सर कितीही मोठा घ्या, मधलं अर्धा मीटर पाणी तो पुसत नाही. ते कमी करणं एवढाच उपाय, आणि त्यासाठी अगदी जवळ जाणारी लेन्स लागते.

दुसरं कारण भीतीचं. टीजी-६ हाउसिंगशिवायच १५ मीटरपर्यंत जलरोधक आहे. म्हणजे हाउसिंगमध्ये चार थेंब शिरले तरी, कॅमेऱ्याची स्वतःची दारं नीट बंद असतील, तर आपण निवांत वर येऊ शकतो. एक इंची कॅमेऱ्यांना हे कवच नाही. खारं पाणी शिरलं की संपलं.

मग हाउसिंग घ्यायचंच कशाला? तारकर्लीला पर्यटक जे पहिलं डायव्ह करतात ते आठ-दहा मीटरच्या आतलं असतं, तिथे उघडा टीजी पुरतो. फक्त तेवढंच आणि स्नॉर्कलिंग करणार असाल तर हाउसिंगचे पैसे वाचवा, खरंच. पण ओपन वॉटर, म्हणजे डायव्हिंगचा पहिला प्रमाणपत्र कोर्स केला की १८ मीटरची मुभा मिळते आणि उघड्या कॅमेऱ्याची हद्द त्याआधीच संपते. पीटी-०५९ ४५ मीटरपर्यंत चालतं. शिवाय हाउसिंगवरची बटणं मोठी आहेत, ग्लोव्हज घातलेल्या बोटांना सापडतात, आणि पुढेमागे बाहेरचा स्ट्रोब (वेगळा, ताकदवान फ्लॅश) फायबर ऑप्टिक केबलने जोडता येतो. किंमत कॅमेऱ्याच्या निम्म्याहून जास्त पडते हे मात्र धरून चाला. प्लॅस्टिकच्या डब्याला एवढे पैसे, असं घरच्यांनी म्हटलंच.

आता प्रत्यक्ष फोटो. वेंगुर्ल्याकडच्या खडकांवर एका डायव्हला पाणी इतकं हिरवं होतं की जोडीदार तीन मीटरवर गेला की त्याचा फक्त टॉर्च दिसायचा. बाकीचे वैतागून वर निघाले. मी एका कपारीशी जेमतेम नखाएवढी समुद्री गोगलगाय बघत बसलो होतो. मायक्रोस्कोप मोड, टॉर्च डाव्या हातात बाजूने धरलेला, काच तिच्यापासून दोन बोटांवर. डोक्यावरची दोन शिंगं, त्यांवरच्या बारीक आडव्या चुण्या, पाठीवरचे कल्ले, कडेची पिवळी रेघ, सगळं स्क्रीनवर उमटलं. नंतर फोटो बघून कोणी विचारलं नाही की पाणी कसं होतं. चित्रात पाणी नव्हतंच.

यात एक अडचण आहे आणि ती कोणत्याही हाउसिंगमध्ये येणार. इतकं जवळ गेलं की काचेभोवतीच्या नळकांड्याची सावली विषयावर पडते, आणि आतला फ्लॅश डिफ्युझर (उजेड पसरवणारी पट्टी) लावूनही अर्ध्या चित्रापर्यंतच पोचतो. स्ट्रोब परवडत नसेल तर रुंद झोताचा व्हिडिओ टॉर्च घ्या आणि तो बाजूने, शक्य तितका लेन्सपासून लांब धरा. समोरून मारलात तर पुन्हा पांढरे ठिपके.

रंगांबाबत. लाल रंग पहिल्या काही मीटरमध्येच विरतो हे सगळ्यांना माहीत असतं. कॅमेऱ्यात त्यासाठी उथळ, मध्यम आणि खोल असे पाण्याखालचे तीन व्हाइट बॅलन्स (रंग दुरुस्त करणारे पर्याय) आहेत. अंदमानात ते छान चालले. सिंधुदुर्गात नाही. आपलं पाणी प्लवकांमुळे हिरवं, त्यात हे पर्याय निळं पाणी गृहीत धरल्यासारखे वागतात, मग माणसांचे चेहरे जांभळट. यावर उपाय म्हणजे पांढरी पाटी (मी लिहायची स्लेटच वापरतो) समोर धरून त्या खोलीला स्वतः व्हाइट बॅलन्स घेणं. पाच-सहा मीटर वरखाली झालं की पुन्हा. आणि रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) चालू ठेवा. जेपेगमध्ये गेलेला रंग घरी बसून फारसा परत येत नाही.

जिथे हा कॅमेरा कमी पडतो तिथे सपशेल पडतो. नेत्राणीला पाणी बरंच मोकळं होतं. बराकुडांचा थवा डोक्यावरून गेला आणि माझ्या हातात आलं ते करड्या पाण्यातलं करडं काहीतरी. कारणं सरळ आहेत. २५ मिलिमीटरची वाइड लेन्स सपाट काचेमागे पाण्यात साधारण ३३ मिलिमीटरसारखी वागते, म्हणजे थवा बसवायला मागे सरकावं लागतं आणि मधलं पाणी वाढतं. आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ८००च्या पुढे बारकावे शेवाळासारखे मिसळतात. आणि पूर्ण मॅन्युअल मोडच नाही. ॲपर्चर (लेन्सचं उजेड घेणारं भोक) आपण निवडायचं, शटरचा वेग कॅमेरा ठरवणार, आणि ॲपर्चरचेही पर्याय मोजकेच. वाइडला एफ/२, एफ/२.८ आणि मग थेट एफ/८, जो खरं तर आत सरकणारा काळा फिल्टर आहे. ज्यांना पाण्याची पार्श्वभूमी गडद निळी ठेवून पुढच्या प्रवाळावर स्ट्रोब टाकायचा आहे त्यांनी हा घेऊ नये. अशांनी एक इंची कॅमेरा, वाइड वेट लेन्स (हाउसिंगवर बाहेरून लावायची) आणि स्ट्रोब यांसाठी पैसे साठवावेत, आणि डायव्हिंगही तशा पाण्यात करावं.

हाउसिंगच्या झाकणाला पाणी अडवणाऱ्या रबरी कड्याबद्दल, म्हणजे ओ-रिंगबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण हाउसिंग विकणारे यावर दोन वाक्यं बोलतात. मी हाउसिंग आदल्या रात्री खोलीतच बंद करतो. जेटीवर वारा, वाळू, ओले हात, घाई, सगळं एकत्र असतं. ओ-रिंग चिमटीत दाबून फुगवटा आणायचा आणि तिथून उचलायची, टोकदार काही लावायचं नाही. मग हेडटॉर्च लावून ती बोटांमधून पूर्ण एक फेरा फिरवायची. वाळूचा कण नजरेआधी बोटाला कळतो. खाच कोरड्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसायची. टॉवेलचा एक धागा पुरतो पाणी आत यायला. ग्रीस तांदळाच्या दाण्याएवढं, आणि तेही कंपनीने त्या रिंगसाठी दिलेलंच. ग्रीसने पाणी अडत नाही, रिंग नीट सरकून बसावी एवढंच त्याचं काम. थापलं तर उलट वाळू धरून ठेवतं. हाउसिंग नवीन असेल तर पहिलं डायव्ह कॅमेरा न घालता, आत टिश्यू पेपर ठेवून करा.

खोलीत बंद करण्याचं दुसरं कारण धुकं. कोकणातल्या दमट हवेत हाउसिंग मिटलं की ती हवा आत कैद होते. होडीवर उन्हात कॅमेरा तापतो, मग पाण्यात काच थंड होते आणि नेमकी लेन्ससमोर वाफ धरते. एसीची हवा कोरडी असते, तिथे बंद केलं आणि सिलिका जेलची पुडी सरकवली की हा त्रास संपतो. बाहेर आणल्यावर वरून घाम फुटतो तो बाहेरचा, घाबरू नका. होडीवर हाउसिंग ओल्या टॉवेलखाली ठेवावं. वर आल्यावर मीठ सुकू न देता गोड्या पाण्याच्या बादलीत अर्धा तास, आणि बुडलेलं असतानाच एकेक बटण दाबत राहायचं. डायव्ह सेंटरची सामाईक बादली मात्र टाळा, तिथे वरून कोणीतरी वेट बेल्ट टाकतंच.

बॅटरीचं म्हणाल तर दोन डायव्हना एक पुरते, व्हिडिओ काढत राहिलात तर नाही. पण दोन डायव्हच्या मधे होडीवर हाउसिंग उघडणं मला पटत नाही, म्हणून मी व्हिडिओच कमी काढतो.

टीजी-७ घ्यावा का, हा प्रश्न हल्ली सगळे विचारतात. ऑलिंपसचा कॅमेरा विभाग २०२१मध्ये वेगळा होऊन ओएम डिजिटल सोल्युशन्स झाला आणि त्यांनी २०२३मध्ये टीजी-७ काढला. सेन्सर आणि लेन्स जवळपास तीच, चार्जिंगला यूएसबी-सी आलं, उभ्या व्हिडिओची सोय झाली. पीटी-०५९ दोघांनाही बसतं. त्यामुळे टीजी-६ हाताशी असेल तर बदलायचं कारण मला दिसत नाही. नव्याने घेणाऱ्याने ७ घ्यावा. जुना ६ स्वस्तात मिळत असेल तर बॅटरीच्या आणि यूएसबीच्या दारांची रबरं आधी बघून घ्या. तिथे चीर किंवा मिठाचा पांढरा थर दिसला तर सौदा सोडा, कारण मग तो १५ मीटरचा आकडा नुसता कागदावरचा.

एक आगाऊ सूचना. जवळ जाऊन फोटो काढायचे तर आधी बॉयन्सी, म्हणजे पाण्यात वरखाली न होता तरंगत राहणं, जमली पाहिजे. कॅमेरा घेतल्यावर पहिले काही डायव्ह मी तो क्लिपला लटकवूनच फिरलो. एका हाताने प्रवाळ पकडून दुसऱ्याने फोटो काढणारे लोक मालवणात दर शनिवारी दिसतात. १९८७पासून तो भाग सागरी अभयारण्य आहे आणि प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत येतात, हे त्यांना कोणी सांगत नसावं.

जूनपासून होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात. तोवर हाउसिंग धुऊन, रिंग काढून वेगळ्या पिशवीत, झाकणाचा खटका न लावता ठेवायचं, नाहीतर चार महिने दाबली गेलेली रिंग चपटी होते. सुटी रिंग आत्ताच मागवून ठेवा, ऑक्टोबरात ऐनवेळी मिळत नाही. पावसात कॅमेरा मात्र बंद ठेवायची गरज नाही. मायक्रोस्कोप मोडमध्ये अळूच्या पानावरचा मुंगळासुद्धा चांगला येतो.