चारपैकी तीनच हिटर प्लग बदलले, एक मुद्दाम ठेवला. सात महिन्यांनंतरचा अनुभव

काम निघालं होतं नोझलचं, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेलचा फवारा मारतं ते. चार सिलिंडरची कॉमन रेल डिझेल गाडी, सकाळी सेल्फ घ्यायची पण मग अर्धा मिनिट नुसती थरथर आणि मागून पांढरा धूर. तीन नंबरच्या नोझलचा स्प्रे बिघडलेला निघाला. इंटेक मॅनिफोल्ड (इंजिनात हवा नेणारा भाग) उतरवलेलंच होतं म्हणून मेकॅनिक म्हणाला, हिटर प्लग (म्हणजे ग्लो प्लगच, गार इंजिन चालू करताना सिलिंडर आतून तापवतात ते) पण टाकून घ्या, नाहीतर त्याच्यासाठी परत एवढं सगळं खोलावं लागेल. बोलणं पटण्यासारखंच होतं हो, पण मी एकदा पोळलोय. आधीच्या गाडीला चारही नवीन टाकले आणि मग कळलं की रिलेच मेलाय, प्लगला करंट जातच नव्हता. म्हणून म्हटलं थांबा, आधी मोजू.

वायर काढली, मीटर ओहमवर, एक पिन प्लगच्या टर्मिनलला आणि दुसरी इंजिनच्या लोखंडाला. त्याआधी दोन्ही पिना एकमेकींना टेकवून बघितल्या तर मीटर आपला तसाच ०.३ दाखवतोय, तेवढे वजा करायचे, इथे सगळा खेळच पॉइंटमधला आहे त्यामुळे हे विसरलात तर आकडे फुकट. चार नंबर ओपन, म्हणजे आतली कॉइल तुटलेली, ठार. बाकी तिघे ०.८, ०.९ च्या आसपास, म्हणजे चांगले.

चांगले कसले! तीन नंबर बाहेर काढला तर टोक फुगलेलं आणि एका बाजूने कुरतडल्यासारखं. बिघडलेलं नोझल त्याच सिलिंडरचं, स्प्रे नीट न पडता डिझेलची धार टोकावर बसत होती. मीटर फक्त कॉइल तुटलेली नाही एवढंच सांगतो, टोकाचं काय झालंय ते डोळ्यांनीच बघावं लागतं. आणि उलटं पण खरं आहे, नोझल तसंच ठेवून नुसता प्लग बदलला असता तर नवीन पण तसाच जळाला असता.

आता काढण्याचं. हे प्लग इंजिन गरम असताना सैल करायचे असतात, पण आमचं सगळं खोलून गार पडलेलं, म्हणून रात्रभर गंजतेल सोडून ठेवलं. ८ मिमी आट्यांचा प्लग काढताना २० न्यूटन मीटरच्या वर जोर लावू नये (१० मिमीला ३५ पर्यंत चालतं), म्हणून टॉर्क पाना त्यावरच लावून घेतला. दोन, तीन, चार नंबर थोडे मागे थोडे पुढे करत कुरकुरत निघाले. एक नंबर पाव फेरा फिरला आणि तिथेच बसला. मेकॅनिक म्हणतोय जरा दाबला की येईल, मी म्हटलं राहू दे, तो चालू आहे ना? तुटला तर ड्रिल मारत बसा, त्यातून टोक आत पडलं तर हेड (इंजिनचा वरचा भाग) उतरवा. चालू प्लगसाठी हेड उतरवणं मला तरी झेपणारं नाही. त्याला पूर्वीसारखा कसून टाकला. मेकॅनिकचं तोंड वाकडं झालं, होऊ दे. नवीन तीन बसवताना आधी भोकातला कार्बन साफ केला आणि १० च्या आसपास टॉर्क दिला, तुमच्या इंजिनचा आकडा मॅन्युअलमध्ये बघा.

आता सात महिन्यांचं. हिवाळा पूर्ण गेला. धूर पहिल्याच दिवशी गेला पण त्याचं श्रेय बरंचसं नोझलला. प्लगमुळे फरक पडला तो पहिल्या मिनिटाच्या आवाजात, ती कडकड कमी झाली, कारण गाडी चालू झाल्यावरही प्लग काही वेळ तापत राहतात. गाडीच्या कॉम्प्युटरने दाखवलेला चार नंबरच्या प्लगचा पी०६७४ हा बिघाडाचा कोड गेला आणि त्याचा मला न मागता फायदा म्हणजे डीपीएफचं (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) रिजनरेशन, म्हणजे साठलेली काजळी जाळणं, परत नीट व्हायला लागलं, आमच्या गाडीत हिटरचा कोड असला की ते होतच नव्हतं. उन्हाळ्यात प्लगशिवाय चालतंय की, म्हणून मेलेला तसाच ठेवणाऱ्यांनी हे जरूर बघा.

पाचव्या महिन्यात सकाळची थरथर परत आली. मनात म्हटलं गेला एक नंबर, मेकॅनिक आता हसणार. क्लॅम्प मीटर लावला तर प्लगचा करंट व्यवस्थित, सेल्फ मारताना बॅटरीच ९ व्होल्टच्या खाली बसत होती. बॅटरी बदलली, थरथर बंद.

एक चूक माझी पण. काढलेला दोन नंबर चांगला होता, तो चालतो का बघू म्हणून थेट १२ व्होल्टच्या बॅटरीला लावला. क्षणात टोक पांढरं झालं आणि संपला. हे नवीन पद्धतीचे प्लग ४.४ किंवा ७ व्होल्टचेही असतात, कंट्रोलर त्यांना मोजून करंट देतो. अंगावर लिहिलेलं असतं, मी वाचलं नाही. स्पेअर म्हणून ठेवणार होतो, गेला.

एक नंबर अजून चालू आहे. दर दोन महिन्यांनी मोजतो, परवा पण ०.८ च. पुढे कधी हेडचं काम निघालं तर तेव्हा काढायचा, तोवर त्याच्यासाठी आणलेला नवीन प्लग डिकीत पडलाय, खोकं पण फोडलेलं नाही.