माजी सैनिकांच्या बहिरेपणाचे दावे चालवणारे वकील : छत्रपती संभाजीनगरमधील अनुभव
आमचे वडील, अप्पा, चोवीस वर्षे तोफखान्यात काढून 2006 मध्ये हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि औसा तालुक्यातल्या गावी परतले, तेव्हाच त्यांचा डावा कान जवळजवळ गेलेला होता. फायरिंगच्या वेळी कानात घालायला मिळालेले प्लग घाम आला की सैल होत, हे ते आजही सांगतात. सदोष इअरप्लगच्या खटल्यांत थ्रीएम या अमेरिकी कंपनीने 2023 मध्ये सुमारे 6 अब्ज डॉलर देण्याचे मान्य केल्याचे वाचून मी त्यांना छत्रपती संभाजीनगरला, माजी सैनिकांची प्रकरणे चालवणाऱ्या एका वकिलांकडे नेले.

वकिलांनी आम्हाला खोटी आशा दाखवली नाही, याचे मोल मला सर्वांत जास्त वाटते. ती तडजोड त्या कंपनीचे विशिष्ट प्लग वापरलेल्या अमेरिकी सैनिकांच्या दाव्यांची आहे. प्लग आखूड असल्याने कानात नीट बसत नाही, असा तिथला आरोप होता. आपल्याकडे अपंगत्व निवृत्तिवेतनासाठी प्लगमधला दोष सिद्ध करावा लागत नाही, तर बहिरेपण सेवेमुळे आले किंवा वाढले आणि ते किमान 20 टक्के आहे, हे ठरावे लागते. निवृत्तीच्या वेळच्या मेडिकल बोर्डाने 30 टक्के बहिरेपण नोंदवूनही सेवेशी संबंध नाकारला होता. त्यावर वकिलांनी धरमवीर सिंग प्रकरणातला सर्वोच्च न्यायालयाचा 2013 चा निकाल काढून दाखवला : भरतीच्या वेळी नोंद नसलेला विकार पुढे उद्भवला, तर संशयाचा फायदा सैनिकाला मिळतो आणि सिद्धतेचा भार त्याच्यावर नसतो. दावा मान्य झाल्यास 30 टक्के अपंगत्व निवृत्तिवेतनासाठी वाढवून 50 टक्के धरले जाऊ शकते. मात्र इतक्या उशिरा गेल्यामुळे थकबाकी साधारणपणे अर्जापूर्वीच्या तीन वर्षांचीच मिळेल, हेही त्यांनी फी घेण्याआधी सांगितले. हे ऐकून मला फार वाईट वाटले, कारण गावात कोणी वेळीच सांगितले असते तर एवढी वर्षे वाया गेली नसती.

उणिवाही आहेत. फीचा तपशील मागितल्याशिवाय लेखी मिळाला नाही. त्याहून खटकले ते हे की, बहिऱ्या माणसांचे दावे चालवणारे हे कार्यालय प्रत्येक निरोप फोनवरूनच देत असे. अप्पा नुसते ‘हो, हो’ म्हणत आणि ऑडिओग्रामची, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीची, तारीख एकदा त्यामुळेच चुकली. मी तक्रार केल्यावर त्यांनी ती मनापासून ऐकून घेतली.

जाताना डिस्चार्ज बुक, मेडिकल बोर्डाचा अहवाल आणि पेन्शनचा आदेश सोबत न्यावा. आमचा अर्ज सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठापुढे दाखल झाला असून, आता प्रत्येक तारीख अप्पांच्या मोबाइलवर मराठीत लिहून येते आणि ते ती स्वतः वाचून कॅलेंडरवर टिपून ठेवतात.