रेसची जुनी गाडी घेण्याआधी माझी एस्टीम बघून जा

मागच्या वर्षी मे महिन्यात मी रेससाठी तयार केलेली एक जुनी मारुती एस्टीम ३ लाख ४० हजारांना घेतली. गाडी पुराच्या पाण्यात बुडून निघालेली होती. तिची केज, म्हणजे गाडी उलटली तर माणसाला वाचवणारी आतली पोलादी नळ्यांची चौकट, साध्या नळीची होती. सीटबेल्टची मुदत कधीच संपली होती. यातलं काहीही विकणाऱ्याने सांगितलं नाही, आणि मी विचारलं तेव्हा तोंडावर खोटं सांगितलं. चिपळूण, रत्नागिरी, कुडाळकडची बरीच पोरं हल्ली अशा गाड्या शोधतायत. दोघांनी मला फोन करून विचारलं, म्हणून सगळं लिहून काढतोय.

मी बागाईतदार. पावसजवळ आमची आंब्याची कलमं आहेत. गाडीची हौस वडिलांपासूनची. त्यांच्या मारुती ८०० वर शिकलो, पुढे स्वतःची झेन घेतली आणि ती घेऊन तीन वेळा कोइम्बतूरला करी मोटर स्पीडवेवर जाऊन आलो. आमच्याकडून ते अंतर अकराशे किलोमीटरच्या आसपास पडतं. एरवी मित्राच्या सड्यावर, त्याच्या स्वतःच्या मोकळ्या कातळावर, प्लास्टिकचे कोन मांडून सराव करायचा. रस्त्यावर कधी नाही.

करीचा ट्रॅक लहान, २.१ किलोमीटरचा. चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ३.७ आणि ग्रेटर नोएडाचा बुद्ध ५ किलोमीटरच्या वर. करीसारख्या जवळजवळ वळणांच्या ट्रॅकवर ताकदीपेक्षा वजन महत्त्वाचं ठरतं. गाडी हलकी असली की ब्रेक उशिरा दाबता येतो, दहा लॅपनंतरही पेडल घट्ट राहतं, टायर टिकतो, आणि वळणात मागचा भाग सुटायला लागला तर सावरता येतो. जड गाडी हे सगळं पैशाने भरून काढते, आणि तेवढा पैसा आमच्यासारख्यांकडे नसतो. म्हणून आपल्याकडचे हौशी लोक एस्टीमकडे वळतात. १३०० सीसीचं १६ व्हॉल्व्हचं इंजिन, आणि गाडी मुळातच नऊशे किलोच्या आत. २००७ साली तिचं उत्पादन थांबलं, तरी भारतात रेस आणि रॅलीत ती इतकी वर्षं पळाली की तिच्या इंजिनाची नस जाणणारे मेस्त्री अजून सापडतात.

जाहिरातीत लिहिलं होतं: वजन ७६० किलो, पूर्ण केज, बकेट सीट, सहा पॉइंटचा बेल्ट, इंजिन नुकतंच बांधलेलं. फोटोत काचेवर दोन-तीन स्पर्धांचे स्क्रूटिनीचे, म्हणजे स्पर्धेआधीच्या तांत्रिक तपासणीचे स्टिकर. गाडी घाटावरच्या एका शहरात होती. मी आणि माझा मित्र आंबा घाट चढून गेलो. आपल्या पद्धतीप्रमाणे हापूसची पेटी घेऊन गेलो होतो. विकणाऱ्याच्या आईने चहा दिला, पेटीतला एक आंबा देवापुढे ठेवला. तो माणूस मला म्हणाला, "दादा, तुम्ही कोकणातली साधी माणसं. तुम्हाला फसवून मी कुठं जाणार?" हे वाक्य मला अजून रात्री आठवतं.

आम्ही पोचलो तेव्हा इंजिन आधीच गरम होतं. तो म्हणाला, तुम्ही येणार म्हणून सकाळी एक फेरी मारून आणली. आज कळतं की थंड इंजिन सुरू होताना जे सांगतं ते गरम इंजिन लपवतं, आणि म्हणूनच ते गरम होतं. मला त्याने गल्लीतून दोन वळसे घालू दिले. मग आत बोलावून सांगितलं की दुसरं गिऱ्हाईक संध्याकाळी पैसे घेऊन येणार आहे. मी २५ हजार टोकन तिथेच फोनवरून पाठवले, उरलेले दोन दिवसांनी बँकेतून. स्टॅम्पपेपरवर त्याने लिहून आणलं होतं, "वाहन जसे आहे तसे, पाहून व तपासून घेतले." मी सही केली. आरसीची फक्त झेरॉक्स दिली. ओरिजिनल आठवड्यात कुरिअरने पाठवतो म्हणाला, ती आजतागायत आलेली नाही. मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर त्याची सही घ्यायचंही राहून गेलं, कारण गाडी रस्त्यावर चालवायचीच नव्हती, ट्रॅकवरच न्यायची होती. कागदांकडे मी दुर्लक्ष केलं ते याच विचाराने.

पावसाळा गाडीने पडवीत ताडपत्रीखाली काढला. ऑगस्टमध्ये दाराच्या खालच्या पट्टीवर, रंगाखालून तांबूस फोड आले. समुद्र जवळ, खारं वारं, आमच्याकडे खिडकीचे गज गंजतात तिथे गाडीचं काय, असं म्हणून मी घासून रंग मारला. त्या फोडांनी मला पहिली सूचना दिली होती.

डिसेंबरात कोइम्बतूरला हौशी लोकांसाठी दोन दिवसांचा कार्यक्रम होता. कॅरिअरवर गाडी चढवून नेली, जाऊन-येऊन ३८ हजार भाडं. स्क्रूटिनीला गाडी उभी केली तेव्हा समोरच्या तपासनिसाने सगळ्यात आधी बेल्ट उलटा केला. बेल्टला शिवलेल्या लेबलवर मुदतीचं वर्ष छापलेलं असतं. एफआयए म्हणजे मोटर स्पर्धांची जागतिक संस्था. तिच्या मान्यतेचा बेल्ट बनवल्यापासून साधारण पाच वर्षं चालतो, त्यानंतर तो कितीही नवा दिसला तरी ट्रॅकवर मान्य नाही, कारण ऊन, घाम आणि धूळ यांनी पट्ट्याचा धागा कमजोर होतो. आमच्या बेल्टवरचं लेबल कात्रीने कापून टाकलं होतं. शिवणीचे धागे तेवढे उरले होते. घेताना मी तो बेल्ट हातात धरला होता, घट्ट आवळून बघितला होता आणि चांगला आहे म्हटलं होतं.

मग त्याने केजच्या मुख्य हूपवरचं, म्हणजे ड्रायव्हरमागच्या कमानीवरचं फोम काढायला लावलं आणि नळी बोटाच्या पेराने वाजवली. नळी मोजायचा व्हर्निअर लावला. बाहेरचा व्यास ३८ मिलिमीटर. एफआयएच्या नियमात ड्रायव्हरच्या मागच्या मुख्य हूपला ४५ मिलिमीटर व्यास आणि २.५ जाडी, किंवा ५० व्यास आणि २ जाडी, आणि तीसुद्धा जोड नसलेली, थंड ओढून काढलेली पोलादी नळी लागते. ३८ ची नळी चालते ती बाकीच्या तुकड्यांना, आणि तिथेही जाडी अडीच हवी. त्याने खालच्या बाजूला लहान ड्रिल मारून जाडी मोजली. दीड मिलिमीटरच्या जरा वर. "ही फर्निचरची नळी आहे," एवढंच म्हणाला. मग केजचे पाय दाखवले. जिथे पाय पत्र्याला टेकतो तिथे खाली किमान ३ मिलिमीटर जाडीची, १२० चौरस सेंटिमीटरची तरी पट्टी हवी, म्हणजे उलटताना पडणारा भार पसरतो. माझ्या गाडीत पाय थेट फरशीच्या पत्र्याला वेल्ड केले होते. त्याने स्क्रूड्रायव्हरने टोचलं आणि पातं आरपार गेलं.

मला गाडी नाकारल्याचं वाईट वाटलं नाही. मी तिथे सिमेंटच्या कट्ट्यावर बसलो आणि मला घरी असलेली माझी नऊ वर्षांची मुलगी आठवली. सड्यावर सराव करताना मी तिला त्याच गाडीत दोनदा शेजारी बसवलं होतं. कातळाच्या कडेवर गाडी उलटली असती तर ते पाय फरशी फोडून खाली गेले असते आणि हूप आमच्या डोक्यावर आला असता. पैशांचं दुःख त्यानंतरचं.

घरी आल्यावर आमच्या मेस्त्रीकाकांनी कॉम्प्रेशन, म्हणजे इंजिनाच्या सिलिंडरमधला दाब, मोजलं. तीन सिलिंडर ठीक, चौथा बाकीच्यांपेक्षा जवळजवळ एक तृतीयांशाने कमी. नुकतंच बांधलेलं म्हणून सांगितलेल्या इंजिनाचं हे. मग गाडी गावाच्या नाक्यावरच्या वजनकाट्यावर नेली, जिथे आम्ही आंब्याचे ट्रक आणि चिऱ्याचे ट्रक वजन करतो. ८४० किलो. ऐंशी किलोचा फरक. काका दारांच्या खालच्या भागात हातोडीने हळूच ठोकत गेले आणि बहुतेक ठिकाणी बद्द आवाज आला. वरच पुट्टीचा जाड थर होता. कुजलेल्या पत्र्यावर नवा पत्रा, वर पुट्टी, वर रंग. हे सगळं वजन मी हलकी गाडी म्हणून विकत घेतलं होतं. काट्यावरच्या पावतीचे पैसे एका प्लेट मिसळीएवढे असतात. ते मी आधी दिले असते तर तिथेच परत फिरलो असतो.

पुराची गोष्ट जानेवारीत कळली. माझे मामा चिपळूणचे. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं तेव्हा त्यांची गाडी छपरापर्यंत बुडाली होती, आणि नंतर आठवडाभर आम्ही सगळे भाचे त्यांच्या घरातला गाळ फावड्याने काढत होतो. मामा एस्टीमजवळ आले, खाली बसले, सिलच्या, म्हणजे दाराखालच्या पोकळ पट्टीच्या, खालच्या निचऱ्याच्या भोकात बोट घातलं आणि बाहेर काढून चोळलं. पीठासारखी बारीक, सुकलेली माती. "हा पुराचा गाळ आहे रे. वास घे." मी घेतला. तो वास मला माहीत होता. मग फ्यूजबॉक्सच्या मागे, हेडलाइटच्या आत, डॅशखालच्या वायरींच्या गुंडाळीत, सगळीकडे तीच माती. कुठल्या नदीची ते मी सांगू शकत नाही.

चिपळूणचा पूर पाहिलेला कोकणातला माणूस जुनी गाडी घेताना गालिचा उचलून बघतो, सीटखालचा स्पंज दाबतो, दाराच्या अस्तरावरची पाण्याची रेघ शोधतो. आम्हाला हे शिकवावं लागत नाही. पण रेसची गाडी म्हणजे गालिचा काढलेला, अस्तरं काढलेली, मागची सीट काढलेली, फरशीला नवा रंग. ज्या खुणा बघायच्या त्या सगळ्या रेसच्या नावाखाली रीतसर काढून टाकलेल्या असतात आणि आपण त्याचंच कौतुक करतो. बुडालेली गाडी रस्त्यावर विकायला गेलं तर कोणी घेत नाही. तीच सोलून, नळ्या जोडून, स्टिकर लावून हौशी माणसाला विकता येते. म्हणून अशा गाडीत वरवरचं सोडून बंद जागा बघा. सिलची भोकं, हेडलाइटची पोकळी, वायरिंगची टेप थोडी सोडून आतली तार. तांब्याची तार हिरवी-काळी पडली असेल तर गाडी बुडालेली असण्याची शंका घ्या.

आरसीच्या झेरॉक्सवरचा चासी नंबर मी नंतर गाडीवर पडताळला. इंजिनखोलीत मागच्या पत्र्यावर तो जिथे ठोकलेला असतो तिथे रंगाचे जाड थर होते. खरवडल्यावर शेवटचे दोन आकडे जुळेनात. म्हणजे ही गाडी कागदावर नेमकी कोणती, हेसुद्धा आज माझ्याकडे धड नाही. ट्रॅकवरच न्यायची असली तरी आरटीओकडे तिची नोंदणी रद्द झालेली आहे की चालू आहे, तिच्यावर कर्ज आहे का, हे नंबर टाकून बघा. आणि घाट उतरून स्वतः चालवत आणायचा मोह झाला तर लक्षात ठेवा, केज घालून, सीट काढून बदललेली गाडी मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाही. विम्याचंही तसंच. नेहमीच्या पॉलिसीत शर्यत आणि वेगाची चाचणी वगळलेली असते, म्हणजे ट्रॅकवर काही झालं तर नेहमीची पॉलिसी कामाला येत नाही.

पोलिसांकडे गेलो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीचा अर्ज दिला. "पाहून व तपासून घेतले" या ओळीवर बोट ठेवून पहिल्यांदा सांगण्यात आलं की ही दिवाणी बाब आहे. वकिलांनी दोन गोष्टींवर जोर द्यायला सांगितला: कापलेलं लेबल आणि चासी नंबर. गाडी जुनी आहे म्हणून कोणी दोषी ठरत नाही, पण लेबल कात्रीने कापलेलं असणं आणि नंबर न जुळणं यामागे लपवायचा हेतू दिसतो. जाहिरातीचा स्क्रीनशॉट माझ्याकडे होता, त्यात ७६० किलो आणि "नवं बांधलेलं इंजिन" हे लेखी आहे, म्हणून अर्ज उभा राहिला. बाकी सगळं बोलणं फोनवर झालं होतं आणि त्याचा माझ्याकडे कागद नाही. तुम्ही व्यवहार कराल तेव्हा विचारायचं ते लिहून विचारा आणि उत्तर लिहूनच मागा. चांगला विकणारा त्याला रागावत नाही. माझ्या ओळखीच्या एका माणसाने नंतर दुसरी एस्टीम घेतली, त्या विकणाऱ्याने केजच्या नळीच्या बिलापासून प्रत्येक वेल्डच्या फोटोपर्यंत सगळं आपणहून पुढे केलं.

मार्चमध्ये विकणाऱ्याच्या त्याच फोन नंबरवरून तशीच जाहिरात पुन्हा आली. गाडी वेगळी, स्टिकर तेच. मी तो स्क्रीनशॉटही पोलिसांना दिलाय. त्याच आठवड्यात कुडाळच्या एका मुलाचा मला फोन आला की मी ती गाडी बघायला निघालोय. मी त्याला एवढंच सांगितलं की व्हर्निअर ने, बेल्टचं लेबल वाच, आदल्या रात्री फोन करून सांग की इंजिन थंड ठेवा, आणि पैसे देण्याआधी गाडी काट्यावर चढव. विकणाऱ्याने काट्यावर न्यायला नकार दिला. मुलगा परत आला.

केज आम्ही ग्राइंडरने कापून काढली. कापलेल्या तोंडात बोट फिरवलं की आतून लांबच लांब वेल्डची रेघ हाताला लागते. जोड नसलेल्या नळीला ती नसते. हूपचा हातभर तुकडा आता मेस्त्रीकाकांच्या गॅरेजात खिळ्याला टांगला आहे, शेजारी त्यांनी खरी नळी टांगली आहे. रत्नागिरीकडे कोणी गाडी घेण्याच्या विचारात असेल तर येऊन दोन्ही हातात घेऊन बघा. काका दाखवतात, रविवारी दुपारी जेवणानंतर ते नक्की असतात.