मागे सोडलेला जॉब: बॅश की झेडशेल?
रत्नागिरीत पावसाळ्यात लाइटचा भरवसा नाही, म्हणून रात्री सर्व्हरवर बॅकअप मागे (बॅकग्राउंडला) चालू सोडून मी एक्झिट मारतो, म्हणजे शेल (कमांड टाइप करायचा प्रोग्रॅम) बंद करतो. बॅश आणि झेडशेल हे असे दोन शेल, आणि त्यांत चालवलेलं काम म्हणजे जॉब. बॅश मुकाट जाऊ देतो आणि चालू जॉब तसाच चालत राहतो. मध्येच थांबवून ठेवलेला जॉब असेल तरच एकदा अडवतो. झेडशेल मुळातच चालू जॉबलाही हटकतो, आणि दुसऱ्यांदा एक्झिट म्हटलं की त्याला हँगअप सिग्नल पाठवतो, म्हणजे जॉब सहसा तिथेच बंद पडतो. कलमांच्या बागेचे अर्धे फोटो माझे असेच राहिले. उपाय मात्र झेडशेलचाच सुटसुटीत: कमांडच्या शेवटी अँपरसँडला (&, जॉब मागे सोडायचं चिन्ह) चिकटून उद्गारचिन्ह (&!), की शेल त्या जॉबला हातच लावत नाही. बॅशमध्ये त्यासाठी डिसओन (disown) ही कमांड वेगळी लिहा. सर्व्हरशी जोडणीच तुटली तर बॅशही हँगअप पाठवतो, हे विसरू नका! मॅन्युअल बॅशचं बरं, सगळं एका पानात. झेडशेलचं डझनभराहून जास्त पानांत विखुरलेलं.