चाळीस रोपं, चौतीस नुसत्या फांद्या

जानेवारीत गड्ड्याची यात्रा चालू असताना आमच्या जुळे सोलापुरातल्या घरासमोर रोपांचा टेम्पो येऊन थांबला आणि मी ६,५०० रुपये घालवून बसले. असा टेम्पो उद्या तुमच्याही दारात येईल, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

दिवाळीआधी आम्ही अंगणात शहाबादी फरशी बसवून घेतली होती, १४ बाय १२ फूट. संध्याकाळी बसायला छान जागा झाली, पण कडा अगदी बोडक्या दिसायच्या. एका बाजूला घराची भिंत, उरलेल्या तीन बाजूंना बारा महिने हिरवी राहणारी गुडघाभर कड हवी होती. व्हिडिओत दिसणारं बॉक्सवुड आपल्या उन्हात तग धरत नाही आणि फायकस लावावं तर त्याची मुळं फरशी उचलतात. म्हणून मी कामिनी ठरवली होती. गडद चकचकीत पान, कितीही छाटली तरी पुन्हा भरते आणि पावसाळ्यात पांढऱ्या फुलांचा घमघमाट.

टेम्पोत नेमकी कामिनीच! "काकू, कडियमचा माल आहे, डायरेक्ट आंध्रातून," तो म्हणाला. कडियमहून नर्सऱ्यांना रोपं येतात हे मला माहीत होतं, त्यामुळे विश्वास बसला. त्याने एक पिशवी ब्लेडने फाडून दाखवली. आत पांढऱ्याशुभ्र मुळांचं जाळं. फुटाला एक या हिशेबाने ४० रोपं, दीडशेला एक. वर मुळांचं म्हणून कसलंसं दाणेदार औषध ५०० रुपयांचं. "लावून देतो, त्याचे पैसे नाहीत. तुम्ही फक्त जागा दाखवा. महिनाभर हात लावू नका, मूळ हलतं." दोन पोरांनी तासाभरात सगळी रांग लावली. पैसे रोख दिले. पावती नाही, फक्त एक मोबाइल नंबर.

पहिला आठवडा रांग इतकी सुंदर दिसली की शेजारणींना बोलावून दाखवली. आपल्याकडे पाणी रोज येत नाही, तरी पिंपातलं पाणी तांब्या-तांब्याने घालत होते. हे पाणी वाया गेल्याचं मला पैशांपेक्षा जास्त लागलं.

तिसऱ्या आठवड्यात पानांचा रंग मेला. मला वाटलं, पाणी कमी पडतंय, म्हणून आणखी घातलं. सासूबाईंचं माहेर मंगळवेढ्याकडचं, शेतातलं. त्यांनी वाकून एक पान ओढलं आणि म्हणाल्या, "अगं, जित्या झाडाला त्रास झाला की ते पान टाकतं. ही पानं जागीच वाळून चिकटलीत. उपट बघू." मी धरून ओढलं आणि ते अलगद हातात आलं. खाली काथ्या गुंडाळलेला लाल चिकणमातीचा गोळा होता. तो फोडला तर आत कोयत्याने तिरपी छाटलेली फांदी. मूळ म्हणून केसाएवढंही काही नाही. एकामागून एक उपटत गेले. ४० पैकी ३४ तशाच निघाल्या. खरी सहा रोपं फाटकाजवळ लावली होती, येता-जाता नजर पडते तिथे.

फोन बंद. मागच्या गल्लीत एका घरी अशोकाची रोपं तशीच निघाली. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करावी, तर विकणाऱ्याचं नाव, पत्ता, बिल, काहीच हातात नाही.

आता कळतं, फुकट लावून देण्यातच सगळी गोम होती. आपण स्वतः लावायला घेतलं असतं तर पहिल्याच पिशवीत उघडं पडलं असतं. हंगामही बघून आलेले: थंडीत जाड पानाची तोडलेली फांदी ओल्या मातीत बरेच दिवस हिरवी राहते, मे महिन्यात दोन दिवसांत माना टाकते. आणि फाडून दाखवायची पिशवी त्यांनी निवडायची नसते, आपण निवडायची. तीही ढिगाच्या मधली. पिशवी उलटी करून खालच्या भोकांतून मुळांची टोकं दिसतात का बघा, खोड धरून हलकेच ओढा. मुळं धरलेली असतील तर मातीही सोबत उचलली जाते. शेंड्याला कोवळी पालवी आहे का तेही पाहा. तोडलेल्या फांदीवरची सगळी पानं एकाच वयाची, जून असतात.

जूनमध्ये पहिला पाऊस झाल्यावर विजापूर रोडच्या एका नर्सरीतून ३४ रोपं आणली. बिल मागितलं, ते कुरकुर न करता मिळालं. पिशव्या मी एकेक उलटी करून बघत होते, तर तिथला माळी स्वतःच पुढच्या पिशव्या उलट्या करून धरायला लागला.