डांबरगोळ्यांचा वास आणि तीन लाख चाळीस हजार

त्या जुन्या कॅरॅव्हॅन ट्रेलरचं दार उघडल्या उघडल्या डांबरगोळ्यांचा वास आला होता. मी म्हटलंही, "एवढ्या कशाला टाकल्यात?" विकणारा हसला. "दादा, बंद असते ना गाडी, झुरळं होऊ नयेत म्हणून." मला पटलं. उलट माणूस टापटिपीचा दिसतोय असं वाटलं. त्या टापटिपीचे मी तीन लाख चाळीस हजार मोजले.

गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीतली गोष्ट. जीपच्या मागे जोडून न्यायचा छोटा कॅरॅव्हॅन ट्रेलर घ्यायचं बरेच दिवस डोक्यात होतं. आत दोघं आणि एक लेकरू झोपेल एवढी जागा, छोटा ओटा, पाण्याची टाकी. शनिवारी दुपारी नाशिकहून निघायचं, भंडारदऱ्याला मुक्काम, रविवारी संध्याकाळी घरी. आडगावच्या पुढे एका मोकळ्या प्लॉटवर हा उभा होता. पांढराशुभ्र, खिडक्यांना फुलाफुलांचे पडदे. बायको पडद्यांवर खूश, मी घडीच्या टेबलावर. "पुण्याची पार्टी उद्या सकाळी टोकन घेऊन येतेय," असं तो सहज बोलून गेला आणि मी तिथे उभ्या उभ्या पन्नास हजार ट्रान्सफर केले. पुण्याची पार्टी कधीच नव्हती, हे सांगायला नकोच.

कागदांचं विचारलं तर म्हणाला, "पेपर क्लिअर." ट्रेलरच्या मागे त्याच्याच जीपच्या नंबरची पाटी होती. "याला इंजिन नाही ना, मग वेगळं पासिंग कशाला? ओढणाऱ्या गाडीचाच नंबर टाकायचा." पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर करार झाला आणि मी पेढे घेऊन घरी.

आता डोकं आपटावंसं वाटतं, कारण उत्तर रोज डोळ्यांसमोर होतं. दिंडोरी रोडला द्राक्षांचे क्रेट घेऊन जाणाऱ्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला स्वतःचा वेगळा नंबर असतो. 1988 च्या मोटार वाहन कायद्यात 'मोटार वाहन' या शब्दातच ट्रेलर येतो. इंजिन असो नसो, नोंदणी लागते. घोटीजवळ पोलिसांनी थांबवून कागद मागितले तेव्हा माझ्याकडे दाखवायला फक्त तो स्टॅम्पपेपर. नंतर पेठ रोडला आरटीओत गेलो. खिडकीतल्या बाईंनी शांतपणे विचारलं, "फॉर्म 21 आहे? फॉर्म 22? चेसिसवर नंबर कुठे कोरलाय?" म्हणजे विक्रीचं प्रमाणपत्र आणि बनवणाऱ्याचं वाहन रस्त्यावर चालवण्यायोग्य असल्याचं प्रमाणपत्र. दोन्ही नाहीत. घरी येऊन टॉर्च घेऊन ट्रेलरखाली झोपलो. पुढच्या दांड्यावर रिव्हेटने ठोकलेला पत्र्याचा तुकडा होता, त्यावर नंबर. खालच्या लोखंडी सांगाड्यावर, म्हणजे चेसिसवर, काहीच कोरलेलं नव्हतं. ट्रेलरला स्वतःचा नोंदणी नंबर असता तर एमपरिवहन या सरकारी ॲपवर टाकून दोन मिनिटांत नोंदणीची माहिती कळली असती. पण ते टोकन देण्याआधी सुचायला हवं.

कागदांपेक्षाही मला फसवलं ते फेब्रुवारीने. नाशिकला तेव्हा पावसाचा थेंब नसतो, आणि पाणी आत शिरलेला ट्रेलर विकायला याहून चांगला मोसम नाही. मार्चमध्ये दोनदा जवळपास राहून आलो, सगळं छान. जुलैत भंडारदऱ्याला गेलो. घोटीला डावीकडे वळून बारीच्या पुढे गेलो तसा पाऊस असा लागला की वायपर हरले. रात्री अकराला मुलगी उठून बसली, "बाबा, माझ्या कपाळावर पाणी पडतंय." छताच्या झाकणाच्या कडेने धार लागली होती. पातेलं लावून झोपलो. सकाळी चहा ठेवायला उठलो आणि ओट्यासमोर माझा पाय घोट्यापर्यंत जमिनीत गेला.

परत आल्यावर जमिनीवरचं व्हिनाइल उचकटलं. खालचा प्लायवूड चहात बुडवून विसरलेल्या टोस्टसारखा झाला होता. हाताने तुकडे निघत होते, काळे, कुजकट वासाचे. आणि कोपऱ्यांत, फळीच्या मागे, पाच-सहा डांबरगोळ्या. झुरळांसाठी नव्हत्या त्या.

छत जिथे भिंतीला मिळतं तिथल्या सांध्यातलं फट बुजवणारं सिलंट उन्हाने तडकतं. पाणी तिथून भिंतीच्या पोटात उतरतं आणि खाली कोपऱ्यांत साचतं. वरून डाग दिसत नाही, कारण नवीन सनमायका आणि नवीन व्हिनाइल चढवलेलं असतं. जुन्या ट्रेलरमध्ये फक्त जमीन नवी दिसली तर का, हे विचारा. खिडकीखाली आणि कोपऱ्यांत अंगठ्याने दाबा, स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोका. चांगला प्लायवूड टणटण वाजतो, कुजलेला बद्द. आणि विकणाऱ्याला सांगा, पाइप आणा आणि अर्धा तास छतावर पाणी सोडा. कुरकुर केली तर तिथूनच घरी या.

वजनाचंही तसंच. "साडेचारशे किलो, खेळण्यासारखं आहे," असं सांगितलं होतं. अंबडच्या वजनकाट्यावर आठशे दहा भरलं. परतीच्या उतारावर साठच्या वेगाला ट्रेलर शेपूट हलवायला लागला तेव्हा बायकोने डॅशबोर्ड घट्ट धरला होता. कारण साधं निघालं: पाण्याची टाकी चाकांच्या मागे बसवलेली, त्यामुळे पुढचा दांडा हलका. एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार जीपच्या हुकावर यायला हवा, माझ्याकडे जेमतेम चाळीस किलो येत होता. घरातला वजनकाटा दांड्याखाली ठेवून मोजलं. ट्रेलर असा डोलायला लागला तर जोरात ब्रेक दाबू नका, ॲक्सिलरेटर सोडा. त्या दिवशी माझ्याकडून हे नशिबाने झालं, ज्ञानाने नाही.

टायर पॉलिशने चमकत होते. बाजूच्या चार आकड्यांत 1814 होतं, म्हणजे 2014 सालातला अठरावा आठवडा. नक्षी शाबूत होती, कारण ट्रेलर उभाच असायचा. पण रबर आतून म्हातारं झालेलं होतं.

पैशांसाठी त्याला फोन केले. आधी "दादा, बघतो," मग "तुम्ही पाहूनच घेतलं ना?", मग नंबर बंद. पोलिस चौकीत "हा दिवाणी मामला आहे" असं ऐकवलं. वकिलांनी सांगितलं, एखाद्याने स्वतःची जुनी वस्तू एकदा विकली तर ग्राहक आयोगात फारसं जमत नाही, पण तो हा धंदाच करत असेल तर गोष्ट वेगळी. मग त्याच प्लॉटच्या शेजारच्या चहावाल्याकडे गेलो. तो म्हणाला, "काका, दर हिवाळ्यात एक-दोन असतातच की." सध्या जुन्या जाहिरातींचे स्क्रीनशॉट आणि बँकेचे व्यवहार जमवतोय. ट्रेलर साडूच्या गिरणाऱ्याच्या मळ्यात आहे. त्याने आत खताच्या गोण्या ठेवल्यात, आणि पावसाळ्यात त्याही बाहेर काढून ठेवतो.